मेंदूच्या फोटोत काय दिसते आणि काय दिसत नाही
(सिन्नर येथील जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही. समोर बसलेल्या काही जणांच्या कपाळावर आठ्या दिसताहेत. भावावर बोलायचे नाही तर हा माणूस सिन्नरला आला कशाला, असे तुम्हाला वाटत असणार. आमच्या हातात हा मोठा पिवळट लिफाफा आहे, त्यासाठी आलो.

हा लिफाफा आमच्या एका कार्यकर्त्याचा आहे. यवतमाळकडचा कोरडवाहू शेतकरी. कापूस, तूर आणि बैलांच्या वैरणीपुरती ज्वारी. त्याची आठ वर्षांची मुलगी पोळ्याला मामाच्या गावी भंडाऱ्याकडे गेली होती. भंडारा म्हणजे धानाचा मुलूख. भाद्रपदात घराच्या अंगणापासून बांधापर्यंत पाणीच पाणी. पोर आठवडाभर राहून परत आली. आल्यावर नवव्या दिवशी ताप चढला, डोके दुखते म्हणाली, ओकली. गावच्या डॉक्टरांनी मलेरियाची तपासणी केली, ती निघाली नाही. दुसऱ्या रात्री आकडी आली आणि मग पोरीने बापाला ओळखणे बंद केले.

एका दवाखान्यात सीटी स्कॅन काढला. त्यात काही नाही म्हणाले. मेंदू ठीक आहे, ताप डोक्यात गेला असेल, बघू, असे म्हणून दोन दिवस तिथेच ठेवले. तिसऱ्या दिवशी नागपूरला नेली. तिथे एमआरआय काढला, पाठीच्या मणक्यातले पाणी तपासले आणि जपानी मेंदूज्वर असे नाव मिळाले. दोन फोटो, दवाखाना, गाडी, औषधे. पोळ्याला ज्यांच्या शिंगांना बेगड लावले होते ती बैलजोडी महिन्याच्या आत बाजारात उभी राहिली.

पोर वाचली. त्या बापाने आम्हाला जो प्रश्न विचारला, त्याच्यासाठी आजचे भाषण आहे. तो म्हणाला, ‘भाऊ, पहिल्या फोटूत काहीच नव्हतं आणि दुसऱ्या फोटूत सारंच होतं. दोन्ही फोटू एकाच डोक्याचे. मंग मले फसवलं कोनं?’

आम्ही डॉक्टर नाही. राहुरीला शेतकी शिकलो, काही वर्षे पिकांच्या रोगांचे सल्ले देत फिरलो, मग चळवळीत आलो. पण प्रश्न असा होता की ‘डॉक्टरला विचार’ म्हणून सोडून देता येईना. डॉक्टरला विचारायला गेला असता तर पुन्हा फी पडली असती! म्हणून आम्ही वाचले, जाणकारांना भेटलो आणि समजून घेतले. जे पक्के कळले तेवढेच सांगतो.

आधी रोगाचे बोलू. जपानी मेंदूज्वर हे नाव पडले कारण १९२४ साली जपानात त्याची मोठी साथ आली, सहा हजारांवर माणसे आजारी पडली. आपल्या देशात माणसांतले पहिले रुग्ण १९५५ साली वेल्लोरकडे, तेव्हाच्या मद्रास राज्यात सापडले. १९७३ साली पश्चिम बंगालात बांकुरा आणि बर्दवानला साथ आली. २००५ साली गोरखपूर आणि आसपासच्या भागात साडेपाच हजारांहून अधिक रुग्ण झाले, तेराशेच्या आसपास दगावले. त्यात बहुतेक मुले. आपल्या राज्यात हा रोग मुख्यतः भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर या पूर्वेकडच्या पट्ट्यात ऐकू येतो. पण २०२२ साली पुणे शहरातही एका लहान मुलाला झाल्याचे निघाले. तेव्हा हा आपल्याकडचा नव्हेच, असे छातीठोकपणे म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

विषाणू राहतो बगळ्या-ढोकरीसारख्या पाणपक्ष्यांत आणि डुकरांत. त्यांचे रक्त पिऊन क्युलेक्स जातीचा डास तो उचलतो. हा डास धानाच्या खाचरात, साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि तिन्हीसांजेपासून रात्रभर चावतो. डुकराच्या अंगात विषाणू वेगाने वाढतो, म्हणून डुक्कर हे या रोगाचे खत. गाई-बैलांना हा डास आवडीने चावतो, पण त्यांच्यात विषाणू वाढत नाही. माणसातही तो इतका वाढत नाही की एकाला चावून डासाने दुसऱ्याला द्यावा. हे मुद्दाम सांगतो, कारण इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या भातपट्ट्यातले मजूर आपल्याकडे द्राक्षाच्या छाटणीला, कांद्याला येतात. उद्या कुठे एखादा ताप निघाला तर ‘यांनी आणला’ म्हणून त्यांची पाले उठवायला कोणी जाऊ नये. तसेच नांदूर मधमेश्वरच्या बगळ्यांवर दगड घेऊनही धावू नये. पक्षी पूर्वीपासून आहेत. नुसत्या पक्ष्यांनी साथ येत नाही.

डास चावला की सगळ्यांना मेंदूज्वर होतो असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सांगतो की अडीचशे लागणींत एखाद्यालाच गंभीर आजार होतो. पण ज्याला होतो त्याच्यासाठी तो हिशेब काय कामाचा? गंभीर आजार झालेल्यांत शंभरात तीसपर्यंत मरतात आणि जगलेल्यांपैकी वीस ते तीस टक्क्यांना कायमचे काही ना काही अपंगत्व राहते.

आता फोटोकडे येऊ.

तुम्ही पेरणीच्या आधी रानात जाता तेव्हा काय करता? वरून माती कोरडी पांढरी दिसते. बांधावर उभे राहून बघणारा म्हणेल, ओल नाही. तुम्ही टिकाव मारता, मूठभर माती उचलून दाबता, मग सांगता की वाफसा आहे की नाही. सीटी स्कॅन म्हणजे बांधावरून बघणे. त्यात क्ष-किरण असतात आणि ते डोक्यातला भाग किती घट्ट, किती विरळ एवढेच सांगतात. हाड दिसेल, रक्तस्राव दिसेल, मोठी गाठ दिसेल, मेंदू खूप सुजला असेल तर तेही दिसेल. आणि हे सगळे काही मिनिटांत दिसेल, हा त्याचा मोठा गुण. पण मेंदूज्वराच्या पहिल्या दिवसांत मेंदूच्या एखाद्या भागात पाण्याचे प्रमाण थोडेसेच वाढलेले असते. तेवढी ओल सीटीला पुष्कळदा कळत नाही.

एमआरआय हा टिकाव आहे. त्यात क्ष-किरण नाहीत, लोहचुंबक आहे. साधारण दीड टेस्लाचे यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट जोराचे. पाण्यात हायड्रोजन असतो, त्याचे कण या चुंबकात रांगेत उभे राहतात. रेडिओच्या लहरीने त्यांना हलवले की परत जागेवर येताना ते बारीक इशारा देतात. यंत्र तो इशारा ऐकून चित्र काढते. म्हणजे मुळात ते पाण्याचेच चित्र. जिथे रोगाने ओल वाढली तो भाग पांढरा उठतो. त्यातही एक प्रकार असा असतो, त्याला फ्लेअर म्हणतात, की मेंदूच्या पोकळ्यांत मोकळे उभे असलेले पाणी काळे करून टाकतात आणि मांसात मुरलेले पाणी तेवढे पांढरे ठेवतात. तळ्याचे पाणी पुसून फक्त जमिनीतली ओल दाखवावी, तसे. हे आम्हाला कळले तेव्हा, खरे सांगतो, आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. आमच्या विद्यापीठात जमिनीतली ओल मोजायला किती खटाटोप करावा लागायचा!

लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या डॉ. मिश्रा आणि डॉ. कलिता यांनी या रोगाचे रुग्ण बरीच वर्षे तपासले आणि दोन्ही फोटोंची तुलना केली. सीटीत जे निसटते ते एमआरआयमध्ये कितीतरी अधिक सापडते, हाच त्यांचा अनुभव. तेव्हा पहिल्या फोटोने खोटे सांगितले नाही. त्याला दिसत नव्हते. फसवणूक फोटोची नव्हती. ‘सीटीत काही नाही’ याचा अर्थ ‘मेंदूत काही नाही’ असा लावून जे दोन दिवस काढले, ती चूक होती. त्या दवाखान्याचे नाव आम्ही घेणार नाही, पण ही समजूत आपल्याला सगळीकडे भेटेल.

उलटी चूकही करू नका. सीटी आधी काढला म्हणजे डॉक्टर लुटायला बसला, असे नसते. एमआरआयच्या बोगद्यात वीस-तीस मिनिटे न हलता पडावे लागते. ज्या पोराला झटके येताहेत, श्वास धड चालत नाही, त्याला तिथे घालता येत नाही. आधी झटके थांबवायचे, श्वास सांभाळायचा. फोटो त्यानंतर. आणि आत नेण्याआधी अंगावरचे सगळे धातूचे काढायचे. वाळे, करदोड्यातली चांदी, जोडवी, ताईत. ताईत काढायला आजी तयार होत नाही, तिथे अर्धा तास जातो, हे एका तंत्रज्ञाने आम्हाला सांगितले. आजीला आधीच समजावून ठेवावे.

हा बघा त्या मुलीचा फोटो. मागच्यांना दिसणार नाही, सांगतो. मेंदू आडवा कापल्यासारखा दिसतो. अगदी मधोमध, डाव्या-उजव्या बाजूला अंड्याच्या आकाराचे दोन गोळे आहेत. त्यांना थॅलॅमस म्हणतात. डोळ्यांचे, कानांचे, कातडीचे, जवळजवळ सगळे निरोप इथून पुढे मेंदूच्या वरच्या थरात जातात. फक्त वासाची वाट वेगळी. कालव्यावर जशी वाटपाची दारे असतात, इथून कोणत्या चारीला पाणी सोडायचे ते ठरते, तशी ही जागा. माणूस जागा राहतो, शुद्धीत राहतो, त्यातही हिचा मोठा वाटा. जपानी मेंदूज्वराचा विषाणू बहुतेकदा इथेच बसतो, तोही दोन्ही बाजूंना. या फोटोत दोन्ही गोळे पांढरे आहेत. रिपोर्टमध्ये इंग्रजीत त्याचेच लांबलचक नाव लिहिले आहे. बापाला ते कोणी वाचून दाखवले नव्हते.

त्याच्या खाली, मेंदूच्या देठात, काळसर रंगाचा एक पट्टा असतो, सब्स्टॅन्शिया नायग्रा. म्हाताऱ्या माणसांना कंपवात होतो तो याच पट्ट्यातल्या पेशी झिजल्याने. हा विषाणू तिथेही जातो. म्हणून आठ वर्षांच्या पोरीचा हात म्हाताऱ्यासारखा थरथरतो आणि चेहरा मुखवट्यासारखा होतो. हसत नाही, रागावत नाही. गावात म्हणाले, बाहेरचे झाले आहे. बाहेरचे काही नाही. फोटोत जागा दिसते आहे.

आता आमच्या विषयाकडे येतो, म्हणजे पिकाकडे. पान पिवळे पडले तर आपण विचारतो, कुठले पान? ज्वारीचे खालचे जुने पान टोकाकडून पिवळे पडत आले तर नत्र कमी. वरचे कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. पोंगा वाळून ओढल्यावर हातात आला तर खोडमाशी. जागेवरून कारण शोधतो. मेंदूचे डॉक्टर फोटोत हेच करतात. कानाच्या आतल्या बाजूचा, टेम्पोरल म्हणतात तो भाग, बहुधा एका बाजूला जास्त पांढरा दिसला तर नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचा मेंदूज्वर असण्याची शक्यता. मेंदूच्या तळाशी आवरण जाड, पोकळ्या फुगलेल्या, तर क्षयाचा विचार. एखादी गोल कडी आणि तिच्या आत ठिपका, तर डुकराच्या फीतकृमीचे अंडे पोटात जाऊन मेंदूत झालेली गाठ. आकडी येण्याचे ते आपल्या देशातले फार मोठे कारण आहे, आणि शाकाहारी माणसालाही होते, कारण ते अंडे न धुतलेल्या भाजीवरून, घाण पाण्यातून येते.

पण कापसाचा लाल्या आठवा. पान लाल झाले. मॅग्नेशियम कमी म्हणूनही होते, नत्र कमी पडून थंडी वाढली म्हणूनही होते, आणि तुडतुड्यांनी रस शोषला तरी कडा लाल होतात. नुसते लाल पान बघून औषध मारणाऱ्याचे पैसे पाण्यात जातात. थॅलॅमसचे तसेच आहे. दोन्ही बाजू पांढऱ्या दिसल्या म्हणजे जपानीच, असे नाही. डेंगी कधी मेंदूत गेला तर तिथेच दिसतो. वेस्ट नाईल नावाचा डासाचाच विषाणू तिथे दिसतो. मेंदूच्या खोल शिरेत रक्त गोठले तरी दोन्ही गोळे पांढरे होतात, आणि त्यावर उपचार आहे. दारूने पोखरलेल्या, नीट न जेवणाऱ्या माणसात ब-१ जीवनसत्त्व संपले तरी त्याच भागाची आतली कड पांढरी होते, आणि ते स्वस्तातल्या इंजेक्शनने सुधारू शकते. दुसरीकडे, व्हिएतनाममध्ये झालेल्या एका अभ्यासात असे निघाले की थॅलॅमसमध्ये डाग दिसला तर निदान बहुतेक पक्के ठरले, पण तपासणीने रोग सिद्ध झालेल्या पुष्कळ जणांत डाग दिसलाच नव्हता.

म्हणजे फोटो सांगतो, कुठे. कोणी केले हे सांगायला पाठीच्या मणक्यातले पाणी आणि रक्त तपासावे लागते. त्या पाण्यात या विषाणूविरुद्धचे आयजीएम द्रव्य मिळाले की नाव पक्के. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, १९५२ साली स्थापन झालेली, तिने हे तपासणीसंच तयार केले आणि ते सरकारी प्रयोगशाळांना जातात. आजाराच्या पहिल्या दोन-चार दिवसांत ते द्रव्य तयार झालेले नसते, म्हणून पहिली तपासणी नकारार्थी आली तरी आठवड्याने पुन्हा करावी लागते. मणक्यातून पाणी काढले की माणूस लुळा पडतो, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की लोक सही करत नाहीत. सुई घालतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. मेंदूवर दाब फार वाढलेला असेल तर मात्र डॉक्टर स्वतःच थांबतात, आणि तो दाब बघायलाच कधी सीटी आधी करतात.

आता कोणी म्हणेल, नाव कळून काय करायचे? जपानी मेंदूज्वरावर तर औषध नाही. खरे आहे. विषाणू मारणारे औषध नाही. झटके थांबवणे, ताप उतरवणे, मेंदूची सूज सांभाळणे, श्वास आणि पोटात अन्न चालू ठेवणे, एवढेच हातात असते, आणि तेवढ्याने जीव वाचतात. पण नाव शोधायचे ते दुसऱ्याच कारणासाठी. त्याच्यासारखे दिसणारे जे रोग आहेत, त्यातल्या कितीतरी रोगांवर औषध आहे. हर्पिसच्या मेंदूज्वरात औषध न देता शंभरात सत्तर दगावत. असायक्लोव्हिर वेळेवर सुरू केले तर हा आकडा फार खाली येतो. म्हणून शहाणा डॉक्टर फोटोची वाट न बघता ते सुरू करतो. मेंदूचा मलेरिया, पू झालेला मेंदूआवरणदाह, क्षय, या सगळ्यांवर औषध आहे.

गोरखपूरचेच बघा. वर्षानुवर्षे तिथे प्रत्येक पोराला जपानी म्हणायचे. २००६ पासून लस टोचली, जपानी कमी झाला, तरी पोरे आजारी पडतच राहिली. मग २०१५-१६ च्या सुमारास शोधले तेव्हा त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांत स्क्रब टायफसच्या लागणीच्या खुणा निघाल्या. तो गवतातल्या, झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. २०१८ साली तो नागपूरकडेही मोठ्या प्रमाणावर निघाला. औषध काय? डॉक्सिसायक्लिन. काही रुपयांची गोळी. तेव्हा बांधावरचे गवत कापून आल्यावर एक-दोन आठवड्यांनी ताप आला, तर काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली बघा. विडीने भाजल्यासारखी काळी खपली दिसली तर डॉक्टरला ती दाखवा. त्याने विचारले नाही तरी दाखवा.

आणखी एक गोष्ट आपल्या विदर्भातली. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाने एक विषाणू नोंदला गेला. कित्येक वर्षे तो कागदावरच राहिला. २००३ साली आंध्रात ३२९ मुले आजारी पडली, त्यातली १८३ गेली. आपल्या पूर्व भागातही तेव्हा मुले गेली. हा डासाचा नव्हे, मुख्यतः वाळूमाशीचा. ही माशी भिंतींच्या भेगांत, शेणामातीच्या ओलीत वाढते. सकाळी ताप, संध्याकाळपर्यंत बेशुद्धी, दुसऱ्या दिवशी सगळे संपलेले. त्यावेळी मोठा वाद झाला. विषाणूतज्ज्ञ म्हणाले मेंदूज्वर. काही बालरोगतज्ज्ञांनी मुलांचे स्कॅन पुढे ठेवले आणि म्हणाले, हा मेंदूच्या रक्तवाहिनीचा झटका दिसतो, मेंदूज्वर नव्हे. फोटो होते, तरी जाणकारांचे एकमत होईना! २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत तो पुन्हा मोठ्या प्रमाणात निघाला. जून ते ऑगस्ट मध्यापर्यंत देशात मेंदूज्वरासारख्या आजाराचे २४५ रुग्ण, ८२ मृत्यू, आणि त्यातल्या ६४ जणांत चांदीपुरा सिद्ध झाला. गुजरात आपल्या जिल्ह्याला लागून आहे. अशा आजारात एमआरआयची रांग धरण्याइतका वेळसुद्धा मिळत नाही. भगताकडे तर नाहीच नाही.

आणि फवारणीचे वेगळे. कपाशीवर फवारून आलेला माणूस गळून पडला, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, घामाने भिजलेला, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, स्नायू उडताहेत, ताप नाही, तर तो मेंदूज्वर समजून फोटो काढत बसू नका. ते विष आहे. कपडे काढा, साबणाने धुवा, औषधाची बाटली बरोबर घ्या आणि ॲट्रोपिन मिळेल तिथे न्या. २०१७ साली यवतमाळला वीसहून अधिक शेतकरी-मजूर फवारणीने गेले. बाटली बरोबर नेली असती तर कोणते विष आहे याचा शोध घेण्यात वेळ गेला नसता, अशी माणसे त्यात असणारच.

खर्चाचे विचाराल. एमआरआय काही हजारांत जातो आणि कोरडवाहू घरात काही हजार म्हणजे एक बैल. म्हणून सांगतो, दाखल होतानाच महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. तो त्या योजनेच्या दवाखान्यात बसलेला असतो. कागद आधी करा, कारण पैसे भरून झाल्यावर ते परत मिळवताना चपला झिजतात. सरकारी मोठ्या दवाखान्यात नेले तर मणक्याच्या पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवायला सांगा आणि पाठवल्याची तारीख लिहून घ्या. हा नमुना गेला नाही तर पोर नोंदीत येत नाही, आणि पोर नोंदीत आले नाही तर तो जिल्हा ‘बाधित’ ठरत नाही. बाधित ठरत नाही म्हणून लस येत नाही. जिथे सरकारने जिल्हा निवडला आहे तिथे नऊ महिन्यांनंतर एक आणि दीड-दोन वर्षांच्या दरम्यान दुसरी, अशा दोन मात्रा मोफत मिळतात. भंडारा-गोंदियाकडे लेकी दिलेल्या आहेत त्यांनी नातवंडांचे कार्ड उघडून बघावे.

डासाचे आम्हाला जास्त बोलता आले असते, तो आमचा विषय. मदुराईच्या तेव्हाच्या आयसीएमआर केंद्राने दाखवून दिले होते की धानात पाणी सतत उभे न ठेवता आळीपाळीने भरले आणि आटू दिले तर डासाच्या अळ्या कमी होतात. निंबोळी पेंडीचे आवरण दिलेल्या युरियानेही अळ्या कमी होतात. आपल्याकडे धान नाही, शेततळी आहेत. त्यांत गप्पी मासे सोडा. डुकरे गावाच्या वस्तीपासून लांब. रात्री पोरांना मच्छरदाणी. गोठा आणि अंथरूण यांत अंतर ठेवा, कारण डास गोठ्याकडे येतो आणि तिथून अंथरुणाकडे वळतो.

परवा तो बाप पुन्हा भेटला. पोर आता शाळेत बसते. हाताचा थरथराट कमी झाला आहे, पेन्सिल धरते, अक्षर मोठे मोठे काढते. चेहऱ्यावर हसू परत येत आहे, पण उशिरा. विनोद सांगितल्यावर मध्ये थोडा वेळ जातो आणि मग हसते. त्याने विचारले, डोक्यातले पांढरे गेले का ते बघायला पुन्हा एमआरआय काढू का? आम्ही त्याला त्याच्या नागपूरच्या डॉक्टरांकडे पाठवले. ते म्हणाले, पोर सुधारते आहे, फोटो लागणार नाही. काही महिन्यांत पांढरे पुष्कळदा फिके पडते, पण हाताची सुधारणा वर्ष-दीड वर्ष चालू राहते, ती व्यायामाने. तेवढ्या पैशांत व्यायामासाठी येण्या-जाण्याचे एसटीचे भाडे निघेल. तो आठवड्यातून एकदा जातो. बैल अजून घेतलेले नाहीत, पेरणी शेजाऱ्याच्या जोडीवर इर्जिकीने केली.

लिफाफा त्याने आमच्याकडे दिला तो पोरीचे नाव खोडून. म्हणाला, सिन्नरच्या लोकांना दाखवा, मला कोणी दाखवला नव्हता. चहाच्या सुट्टीत तो मंडपाच्या पूर्वेच्या कनातीशी टांगून ठेवतो, तिकडे ऊन चांगले येते. आधी सीटी बघा, मग शेजारचा एमआरआय. मधोमध बघायचे.